गोदावरीचें पात्र, तिचा गाळ व गोदातीरींचीं साधनें

(१)

मराठी कागदपत्र वाचणारास ‘गंगा’ हा शब्द वारंवार भेटतो. फौज गंगा उतरून गेली, अमुक सरदारानें गंगेच्या कांठीं मुक्काम केला, गंगथडीच्या परगण्यांतून रसद आली, अशा मजकुरांतील गंगा ही बहुधा भागीरथी नसून गोदावरी असते, हें संशोधकांस सांगावयास नको. पोथ्यांच्या पुष्पिकांतही गौतमीतीर, गोदातीर असे स्थलनिर्देश पुष्कळ येतात. असा निर्देश आढळला म्हणजे आजचा नकाशा पुढें घ्यावयाचा, नदीच्या रेघेवर बोट ठेवावयाचें व स्थळ निश्चित करावयाचें, असा आपला परिपाठ आहे. या परिपाठांत एक गोष्ट न बोलतां गृहीत धरलेली असते. ती ही कीं, नदी आज जेथून वाहते तेथूनच ती त्या काळींही वाहत होती.

हें गृहीत सर्व नद्यांस लागू नाहीं. उत्तर बिहारांतील कोसी हिमालयांतून इतका गाळ आणते कीं, आपलें पात्र आपणच भरून काढून ती बाजूस सरकते. बांध घातले जाण्यापूर्वींच्या सुमारें अडीचशें वर्षांत ती शंभर किलोमीटरांहून अधिक पश्चिमेकडे गेली, आणि इ. स. २००८ सालीं बांध फोडून पुनः पूर्वेकडील जुन्या वाटेनें धांवली. तेथील जुन्या कागदांतील कोसीकांठ आजच्या नकाशावर शोधणारा हटकून चुकेल. मग गोदावरीच्या बाबतींत आपण चुकत आहों कीं नाहीं?

आमचें म्हणणें असें कीं, या प्रश्नास एकच उत्तर नाहीं. पात्राखालीं खडक कोणता, त्यावर गाळ कोणता व किती, यांवर नदीच्या साक्षीची किंमत अवलंबून असते. आणि गोदावरीच्या निरनिराळ्या भागांत ती निरनिराळी आहे. ती कशी ठरवावी, व गाळ हेंच एक स्वतंत्र साधन कसें आहे, हें या लेखांत पाहावयाचें आहे.

(२)

प्रथम मार्ग पाहूं. त्र्यंबकेश्वराजवळ ब्रह्मगिरीवर, समुद्रसपाटीपासून सुमारें १,०६७ मीटर उंचीवर, गोदावरीचा उगम आहे. तेथून अरबी समुद्र अवघा ऐशीं किलोमीटर. तरी ती त्याकडे पाठ करून १,४६५ किलोमीटर चालते व पूर्वसमुद्रास मिळते. कारण पठाराचा उतारच पूर्वेकडे आहे. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं भूमीच्या भेगांतून लाव्हारस निघून त्याचे थरावर थर पसरले. तोच आपला काळा पाषाण. या पाषाणाच्या पठाराची पश्चिम कड सह्याद्रीच्या रूपानें उंच राहिली व बाकीचा प्रदेश पूर्वेकडे कलता राहिला. नदीनें दिशा निवडली नाहीं. ती तिला खडकानें दिली.

गोदावरीचें खोरें ३,१२,८१२ चौरस किलोमीटरांचें आहे, आणि त्याचा जवळजवळ अर्धा भाग याच काळ्या पाषाणाचा आहे. नाशिकाजवळ सोमेश्वरास नदी खडकावरून उडी घेते, ती याच पाषाणाच्या कठीण थरावरून. नांदेडच्या खालीं हळूहळू पाषाण संपतो व त्याहून कितीतरी जुना ग्रॅनाइटसारखा स्फटिकमय खडक लागतो. पुढें सिरोंच्याजवळ वर्धा व वैनगंगा यांचें पाणी घेऊन आलेली प्राणहिता मिळते, आणि तेथें गोदावरी एकाएकीं आग्नेयीस वळते. या वळणाचेंही कारण भूमींत आहे. पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वीं तेथील भूपृष्ठ वायव्य-आग्नेय अशा भेगांनीं खचूं लागलें, व त्या लांबट खळग्यांत वाळूचे आणि वनस्पतींचे थर सांचत गेले. चंद्रपूरचा व सिंगरेणीचा दगडी कोळसा हा त्याच खळग्यांतील होय. वर्धेचें, प्राणहितेचें व त्याखालील गोदावरीचें खोरें एका ओळींत येतें तें यामुळेंच.

शेवटीं पापीकोंडांच्या अरुंद दरींतून पूर्वघाट ओलांडून नदी पोलावरमाशीं मैदानांत उतरते. राजमहेंद्रीच्या खालीं धवळेश्वराशीं ती गौतमी व वसिष्ठा या मुख्य फांट्यांत विभागते, आणि वसिष्ठेपासून वैनतेय निघते. येथें खडकाची सत्ता संपते व गाळाची सुरू होते.

(३)

आतां पाणी व गाळ. सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस मोठा. पण थोडे कोस पूर्वेस येतांच तो झपाट्यानें कमी होतो. म्हणून पैठणापर्यंतची गोदावरी ही सह्याद्रीवरील पावसावर जगणारी, परंतु कोरड्या मुलखांतून जाणारी नदी आहे. समुद्राकडे जाणारें बहुतेक पाणी तिला पुढें प्राणहिता, इंद्रावती व शबरी या अरण्यप्रदेशांतील नद्या देतात. गाळाची गोष्ट वेगळी. काळा पाषाण झिजून जी काळी चिकणमाती होते ती उन्हाळ्यांत भेगाळते, पहिल्या पावसांत त्या भेगा पाणी पितात, व मग फुगून त्या मिटल्या म्हणजे पाणी वरच्यावर वाहूं लागतें. खालचा पाषाणही फारसें पाणी धरीत नाहीं. म्हणून पूर एकाएकीं चढतो व थोड्या दिवसांत उतरतो, आणि जातांना शेताची बारीक माती घेऊन जातो. नदीचा वर्षाचा बहुतेक सर्व गाळ पावसाळ्याच्या चार महिन्यांतच वाहतो. नाशकास दुतोंड्या मारुतीच्या अंगावर पाणी कोठवर आलें यावरून पूर मापण्याची लोकांची रीत आहे. नदीचा हा लहरी स्वभाव ध्यानांत घेऊनच ती पडली असावी.

परंतु वरच्या भागांत हा गाळ पात्रांत राहत नाहीं. पुरांत तो पुढें जातो. कांठांवर जो उंच गाळ दिसतो, पिवळसर, चुनखडीच्या खड्यांनीं भरलेला, त्याच्या तळाशीं गोट्या-वाळूचा घट्ट थर असतो. हा गाळ आजच्या पुरांचा नव्हे. हजारों वर्षांपूर्वीं, पाऊसकाळ मंद असतां, नद्यांनीं आपलीं खोरीं या गाळानें भरलीं. पुढें सुमारें दहा हजार वर्षांपूर्वीं पाऊस वाढला, तेव्हां त्याच गाळांतून त्यांनीं आपलें पात्र खोल कोरून काढलें. म्हणजे आज नदी जुन्या गाळाच्या दोन उंच भिंतींमध्यें व खालच्या कातळावर अडकलेली आहे. तिला कोसीप्रमाणें इकडेतिकडे भटकण्यास जागाच नाहीं.

(४)

या गोष्टीचा इतिहासास उपयोग काय, हें तीन उदाहरणांनीं दाखवितों.

पहिलें उदाहरण नेवाशाचें. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्यें नेवासें येथें सिद्ध झाली. ग्रंथाच्या शेवटीं आपलें स्थळ सांगतांना ग्रंथकारानें गोदावरीच्या दक्षिण कांठाचा निर्देश केला आहे. परंतु नेवासें हें प्रवरेवर आहे. प्रवरेचा व गोदावरीचा संगम तेथून खालीं कांहीं कोसांवर आहे. तेव्हां शके १२१२ मध्यें गोदावरी नेवाशाजवळून वाहत होती काय, अशी शंका एखाद्यास येईल. तिचें उत्तर नेवाशाचा गाळच देतो. इ. स. १९५४ ते ५६ या सालांत हंसमुख धीरजलाल सांकळिया यांच्या नेतृत्वाखालीं डेक्कन कॉलेजनें तेथें उत्खनन केलें. प्रवरेच्या कांठच्या गोट्यांच्या थरांत पाषाणयुगाचीं हत्यारें सांपडलीं, आणि वरच्या टेकाडांत ताम्रपाषाणयुगापासून सातवाहनकाळापर्यंतच्या वस्त्यांचे थर लागले. ज्या कांठावर शके १२१२ च्या आधीं दोन हजार वर्षांहून अधिक काळ माणूस राहत आला, व ज्याच्या तळाशीं त्याहूनही कितीतरी जुने नदीचे थर आहेत, तो प्रवरेचा कांठ त्या शकांत गोदावरीचा असणें शक्य नाहीं. नदी हलली नाहीं. शब्दाचाच अर्थ व्यापक आहे. पुण्याचा मनुष्यही संकल्पांत आपण गोदावरीच्या दक्षिण तीरीं असल्याचें उच्चारतो. तीर म्हणजे पाण्याची कड नव्हे, तर नदीच्या त्या बाजूचा देश. पुष्पिकांतील गोदातीर वाचतांना ही गोष्ट विसरतां कामा नये. खडकाची साक्ष येथें शब्दाचा अर्थ लावण्यास उपयोगी पडते.

दुसरें उदाहरण राक्षसभुवनाचें. ता. १० ऑगस्ट १७६३, शके १६८५, या दिवशीं निजामअली कांहीं फौजेसह गोदावरी उतरून उत्तर तीरास गेला होता, व त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या फौजेनिशीं दक्षिण तीरास होता. रघुनाथराव व माधवराव यांनीं त्याच्यावर हल्ला केला. विठ्ठल सुंदर पडला. आणि नदीस पूर असल्यामुळें निजामअलीस पलीकडून कांहींच करतां आलें नाहीं. ही हकीकत सर्वांस ठाऊक आहे. तींत स्थळाविषयीं शंका घेण्याचें कारण नाहीं, कारण नदी तेथून सरकलेली नाहीं. शोधावयाचें तें निराळेंच. उन्हाळ्यांत जी नदी घोड्यानें सहज उतरावी ती श्रावणांत, तेथील आकाश स्वच्छ असतांही, दूर सह्याद्रीवर पडलेल्या पावसानें एका रात्रींत अडून राहते, आणि चार दिवसांनीं पुनः वाट देते. म्हणून गोदावरीच्या वरच्या भागांतील लढाया, कूच व मुक्काम यांविषयीं लिहितांना स्थळापेक्षां तिथीस अधिक जपावें लागतें. तिथि चार दिवसांनीं चुकली, तर फौज नदीच्या भलत्याच तीरावर जाऊन बसते.

तिसरें उदाहरण पैठणाचें. पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथांत पैठण व तगर, म्हणजे तेर, येथील माल गाड्यांवर घालून अवघड वाटांनीं भडोचेस जात असल्याचें सांगितलें आहे. एवढ्या मोठ्या नदीकांठची राजधानी असतां माल नावेनें पूर्वसमुद्राकडे कां जात नव्हता, असें वाटणें साहजिक आहे. कारण पात्र खडकाळ, पाणी चार महिने दांडगें व आठ महिने थोडें, आणि खालीं आडवे कातळ. पैठणचीं सातवाहनकालीन टेकाडें आजही नदीच्या कांठींच आहेत. नदी नगरास सोडून गेलेली नाहीं. ती पाण्यासाठीं, शेतीसाठीं व तीर्थासाठीं होती, वाहतुकीसाठीं नव्हती.

हीच गोष्ट अठराशें वर्षांनंतर इंग्रजांस पैसा खर्चून शिकावी लागली. वऱ्हाडनागपुराकडील कापूस जलमार्गानें समुद्रास न्यावा म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास गोदावरी नौकावहनाची योजना निघाली. दुम्मगुडेम, इंचमपल्ली व देवलमारी या तीन ठिकाणच्या खडकांनीं वाट अडविली होती. तेथें बंधारे व कालवे काढण्याचीं कामें चाललीं, आणि १८७१ सालीं योजना सोडून देण्यांत आली. तोंवर कापसास आगगाडी मिळाली होती. इंग्रजांनीं सोडलेली वाट सातवाहनांच्या व्यापाऱ्यांनीं मुळांत धरलीच नव्हती.

(५)

धवळेश्वराच्या खालीं सर्व उलटें आहे. तेथें नदीखालीं कातळ नाहीं. जें आहे तें तिनें स्वतः आणून टाकलेलें. सुमारें सहासात हजार वर्षांपूर्वीं समुद्राची पातळी आजच्या सुमारास येऊन ठेपली. तेव्हांपासून नदी आपल्या गाळानें समुद्र मागें हटवीत आली आहे. जुन्या किनाऱ्यांच्या वाळूच्या लांब रांगा आज शेतांतून, समुद्रापासून कित्येक कोस आंत दिसतात. एक एक रांग म्हणजे एके काळचा किनारा. फांट्यांच्या मधलीं बेटें, ज्यांस तिकडे लंका म्हणतात, एका पुरांत होतात व दुसऱ्या पुरांत जातात. या प्रदेशांत बंदर, कांठ, किनारा हे शब्द कागदांत आले तर ते त्या सालापुरतेच खरे मानावे.

कोरिंगा बंदराचें उदाहरण बोलकें आहे. अठराव्या शतकांत व एकोणिसाव्याच्या आरंभीं तें त्या किनाऱ्यावरचें जहाजें बांधण्याचें व डागडुजी करण्याचें मोठें ठिकाण होतें. इ. स. १७८९ व १८३९ च्या वादळांनीं त्याची वाताहत केली, हें सर्वत्र लिहिलेलें आढळतें. परंतु वादळ सरतें व बंदर पुनः उभें राहतें. कोरिंगा उभें राहिलें नाहीं, कारण गौतमीच्या गाळानें त्याची वाट बुजत चालली होती. त्याच गाळाची वाळू समुद्राच्या लाटांनीं उत्तरेकडे लोटली जाऊन काकिनाड्यासमोर सुमारें १७ किलोमीटर लांबीचा दांडा तयार झाला, व त्याच्या आडोशाला काकिनाड्याचें बंदर वाढलें. जुन्या बंदराचा नाश व नव्याची भरभराट हीं एकाच गाळाचीं दोन कामें होत.

इ. स. १८४७ ते १८५२ या सालांत आर्थर कॉटन यानें धवळेश्वरास बंधारा घातला व फांट्यांतील पाणी कालव्यांत खेळविलें. त्यानंतरचे नकाशे व त्यापूर्वींचे नकाशे हे दोन निराळ्या नद्यांचे समजून वापरणें बरें.

(६)

आतांपर्यंत गाळाचा उपयोग कागदाचा अर्थ लावण्यापुरता पाहिला. परंतु जेथें कागदच नाहीं तेथेंही गाळ बोलतो. गोदावरीच्या मुखासमोर बंगालच्या उपसागराच्या तळांतून शास्त्रज्ञांनीं गाळाचा एक उभा स्तंभ काढला. त्यांत गेल्या सुमारें अकरा हजार वर्षांचा गाळ थरावर थर बसलेला आहे. काळ्या पाषाणाची माती व पूर्वेकडील जुन्या खडकांची माती यांचा रासायनिक गुण वेगळा असतो, त्यामुळें कोणत्या काळीं कोठली माती अधिक आली हें सांगतां येतें.

या स्तंभाविषयीं २०१२ व २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या निबंधांचा निष्कर्ष आपणांस विचार करावयास लावणारा आहे. सुमारें चार हजार वर्षांपासून मध्य हिंदुस्थानांतील पाऊस कमी होत गेला, व गेल्या सुमारें सतराशें वर्षांत कोरडेपणा अधिक वाढला. पाऊस कमी म्हणजे गाळ कमी, असें कोणासही वाटेल. घडलें तें उलट. अरण्य विरळ झालें, जमीन उघडी पडली, आणि थोडा पण जोराचा पाऊस अधिक माती नेऊं लागला. त्यांत माणसाच्या नांगराची भर पडली. जोर्वें, दायमाबाद, नेवासें येथील पहिल्या शेतकऱ्यांपासून लोहयुगांत शेती पठारभर पसरेपर्यंत ती भर वाढतच गेली. म्हणजे ज्या काळाचा एकही लेख आपल्याजवळ नाहीं, त्या काळच्या नांगरटीची नोंद समुद्राच्या तळाशीं आहे. सातवाहनांच्या वैभवाचा विचार करतांना त्यांच्या मुलखांतील माती तेव्हांच वाहून जात होती, हेंही यापुढें ध्यानांत घ्यावें लागेल.

(७)

हें साधन आज दोन बाजूंनीं नष्ट होत आहे. पैठणाजवळील जायकवाडीचें धरण १९७६ सालीं पुरें झालें. त्याखालीं व उपनद्यांवरही अनेक धरणें झालीं. त्यांपासून शेतीस व गांवांस पाणी मिळालें, हा लाभ कोणी नाकारणार नाहीं. परंतु अनेक जुनीं गांवें व त्यांचीं पांढरीचीं टेकाडें जलाशयांत गेलीं, आणि नदीचा गाळ धरणांमागें अडूं लागला. १९७१ ते ७९ या वर्षांत नदी समुद्राकडे वर्षास सरासरी सुमारें १५ कोटी टन गाळ नेत असे; १९९० ते ९८ मध्यें तें मान सहा कोटी टनांच्याही खालीं आलें. हजारों वर्षें पुढें सरकणारा मुखाकडील किनारा आतां कित्येक ठिकाणीं मागें हटत आहे. दुसरी हानि वाळूउपशाची. त्यानें केवळ वाळू जात नाहीं. कांठ खचून ज्या थरांत दगडी हत्यारें, खापरें व हाडें आपापल्या जागीं आहेत ते थरच कोसळतात. सुटें खापर मिळालें तरी त्याची जागा गेली म्हणजे त्याची साक्ष गेली. दप्तराचा दोरा सोडून कागद उधळून टाकल्यावर काय उरतें, हें या मंडळींस सांगणें नको.

म्हणून आमची विनंति मोठी नाहीं. दप्तर पाहण्यासाठीं गोदेच्या किंवा तिच्या उपनद्यांच्या कांठच्या गांवीं जो जाईल त्यानें घाटावर अर्धी घटका अधिक थांबावें. कांठ कातळाचा कीं गाळाचा, गाळ किती हात उंच, त्यांत गोट्यांचा थर आहे काय, खापरें कोणत्या थरांत दिसतात, उन्हाळ्यांतील उतार कोणता, एवढें टिपून घ्यावें. थर हातानें उकरूं नयेत. जसे आहेत तसे त्यांचें छायाचित्र घ्यावें. ज्यांच्या संग्रहीं पोथ्या, वह्या, तीर्थोपाध्यायांच्या चोपड्या आहेत त्यांनीं त्यांतील पुराच्या, दुष्काळाच्या व पाणी उतरल्याच्या नोंदी, कितीही क्षुल्लक वाटल्या तरी, तिथीसह उतरून घ्याव्या. लढाईची तारीख बऱ्याच ठिकाणीं मिळते. अमुक श्रावणांत पाणी कोणत्या पायरीस लागलें, हें एखाद्याच चोपडींत असतें.

वरच्या गोदावरीनें आपलें स्थान सोडलेलें नाहीं, म्हणून तिच्या कांठची नोंद अजून पडताळून पाहतां येते. पात्र राहील, पण कांठ राहतीलच असा भरंवसा आतां देतां येत नाहीं. ते आहेत तोंपर्यंत त्यांची टिपणें घेऊन ठेवणें हें कागद जपण्याइतकेंच आपलें काम आहे.